कोळंबीच्या बीजाचें पहिलें अन्न : समुद्रांतील सूक्ष्म शैवालें व त्यांतील मेदाम्लें

कोंकणपट्टींत ज्यांच्या खारजमिनी आहेत त्यांपैकीं कित्येकांनीं भाताच्या जोडीस, तर कांहींनीं भाताच्या ऐवजीं, कोळंबीचीं तळीं धरिलीं आहेत. भाताचें बियाणें विकत घेतांना शेतकरी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, एखादा दांताखालीं फोडून पाहतो, आणि मिठाच्या पाण्यांत टाकून पोंचट दाणा किती वर येतो हेंहि पाहतो. कोळंबीचें बीज घेतांना मात्र तो पिशवींतील जीवांची मोजदाद करितो, ते हालतात एवढें पाहतो, आणि पैसे मोजून देतो. दोन केंद्रांतून एकाच भावानें आणलेलें, डोळ्यांस अगदीं सारखें दिसणारें बीज एका तळ्यांत तगतें आणि दुसऱ्यांत पहिल्या पंधरवड्यांतच विरळ होतें, असें घडूं शकतें. याचीं कारणें अनेक असतात. रोग असतो, वाटेंतील हाल असतात, तळ्याच्या मातीपाण्याचा दोष असतो. परंतु एक कारण असें आहे कीं, तें शेतकऱ्याच्या तळ्यांत मुळींच नसतें. बीजानें जन्मल्यावर पहिल्या दहाबारा दिवसांत जें खाल्लें त्यांत तें असतें. आमच्या सभासदांस त्याची माहिती असणें हिताचें आहे असें वाटल्यावरून तो विषय येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

समुद्राचें ओंजळभर पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसलें तरी त्यांत हजारों एकपेशीय वनस्पति तरंगत असतात. यांस सूक्ष्म शैवालें म्हणतात. विहिरीच्या पायरीवरील निसरडें शेवाळ हें त्यांचें दूरचें नातलग समजावें. यांस मूळ, खोड, पान असा भेद नाहीं. एकच पेशी सूर्यप्रकाशांत कर्बवायु घेऊन आपलें अन्न करिते आणि दुभंगून एकीच्या दोन होते. आयसोक्रिसिस नांवाच्या जातीची पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारें पांचपट असते. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या लांबींत अशा हजारांवर पेशी ओळीनें मावतील. इतकें बारीक अन्न कशास लागतें, तर खाणाऱ्याचें तोंडहि तितकेंच बारीक असतें म्हणून.

कोळंबीच्या अंड्यांतून जें पिल्लूं बाहेर पडतें त्यास नॉप्लियस म्हणतात. तें सुमारें दोन दिवस बलकाच्या शिदोरीवर काढतें. शिदोरी संपली कीं त्याचें रूप पालटून झोइया अवस्था येते, आणि येथपासून बाहेरच्या अन्नावांचून त्यास एक दिवसहि काढवत नाहीं. झोइया सावज पकडीत नाहीं. पाणी गाळून त्यांतील पेशी अखंड गिळीत राहते. पोट भरलेल्या झोइयेच्या मागें विष्ठेचा लांबच लांब दोरा लोंबत असतो, आणि बीजोत्पादन केंद्रांतील जाणता कामगार भिंगांतून प्रथम तो दोराच पाहतो. चारपांच दिवसांनीं मायसिस अवस्था येते, तींत शैवालाबरोबर बारीक जीवहि खाल्ले जातात; आणखी तीनचार दिवसांनीं कोळंबीच्या आकाराचें बीज तयार होतें.

ही झोइया अवस्था ओलांडणें हेंच पूर्वीं अवघड होतें. जपानांत मोतोसाकु फुजिनागा यांनीं १९३० नंतरच्या दशकांत कुरुमा जातीच्या कोळंबीचीं पिलें स्केलेटोनेमा नांवाच्या शैवालावर वाढविलीं, आणि त्याचा सविस्तर वृत्तांत १९४२ सालीं प्रसिद्ध केला. साधारण त्याच सुमारास आइल ऑफ मॅन बेटावरील पोर्ट एरिन येथें ब्रूस, नाइट व पार्क या तिघांनीं कालवांचीं पिलें निवडक शैवालांवर वाढवून १९४० सालीं आपले निष्कर्ष छापिले. त्यांतील एका शैवालाचें आयसोक्रिसिस गॅल्बाना असें नामकरण मेरी पार्क यांनीं १९४९ सालीं केलें. आमच्याकडे तुतिकोरिन येथें केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं मोत्यांच्या कालवांचीं पिलें वाढविलीं तीं याच आयसोक्रिसिसवर. पोट भरणारें शैवाल सांपडलें. परंतु एक शैवाल दिलें असतां पिलें फुलतात आणि दुसरें तितकेंच दिलें असतां खंगतात, याचा उलगडा पुढें कित्येक वर्षें झाला नव्हता. पेशीचा आकार, तिच्या कवचाचा टणकपणा, प्रथिनें, जीवनसत्त्वें हीं सर्व कारणें थोडींफार खरींच आहेत. सर्वांत मोठा उलगडा मात्र तेलाच्या बाजूनें झाला.

मेदाम्ल म्हणजे काय

कोणतेंहि तेल किंवा तूप घेतलें तरी त्याचा मुख्य भाग ग्लिसरीन व मेदाम्लें यांच्या जोडणीनें झालेला असतो. ग्लिसरीनच्या एका कणास मेदाम्लाच्या तीन सांखळ्या जोडलेल्या असतात. मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या परमाणूंची लांब सांखळी. या सांखळींतील सर्व दुवे साधे असले म्हणजे ती सरळ राहते, एकीशीं एक चिकटून बसते, आणि असा मेद थंडींत थिजतो; खोबरेल तेल हिंवाळ्यांत गोठतें त्याचें कारण हेंच. कांहीं दुवे दुहेरी असले म्हणजे सांखळी तेथें वांकते, एकमेकींस घट्ट चिकटत नाहीं, आणि तेल पातळ राहतें. करडईच्या तेलांत दोन दुहेरी दुव्यांचें मेदाम्ल फार असतें. जवसाच्या तेलांत तीन दुहेरी दुव्यांचें मेदाम्ल निम्म्याच्या आसपास असतें. तें हवेंतील प्राणवायूशीं सहज संयोग पावतें, म्हणूनच जवसाचें तेल लांकडावर लाविलें असतां सुकून कातडें धरतें.

रसायनशास्त्रज्ञ मेदाम्लाची ओळख दोन आंकड्यांनीं देतात : सांखळींत कर्बाचे परमाणु किती आणि दुहेरी दुवे किती. जवसाचें मेदाम्ल १८ परमाणूंचें व ३ दुहेरी दुव्यांचें. शेंपटाकडून मोजीत आलें असतां पहिला दुहेरी दुवा तिसऱ्या ठिकाणीं येतो, म्हणून त्यास ओमेगा-तीन कुळांतील म्हणतात. औषधांच्या दुकानांत या नांवाच्या गोळ्या विकत मिळतात तें कूळ हेंच. या कुळांतील दोन थोरले बंधु आपल्या विषयाचे नायक आहेत. एकाचें नांव आयकोसापेंटाइनोइक आम्ल. यांत २० परमाणु व ५ दुहेरी दुवे असतात, आणि त्यास संक्षेपानें ई.पी.ए. म्हणतात. दुसऱ्याचें नांव डोकोसाहेक्साइनोइक आम्ल. यांत २२ परमाणु व ६ दुहेरी दुवे, आणि संक्षेप डी.एच.ए. हीं नांवें उच्चारण्यास जड आहेत हें खरें, पण संक्षेप लक्षांत ठेविले म्हणजे काम भागतें.

मेद म्हणजे केवळ जाळण्याचें इंधन, अशी समजूत फार दिवस होती. १९२९ सालीं अमेरिकेंत जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्यानें उंदरांस मेदावांचून ठेवून दाखविलें कीं, बाकी सर्व अन्न पुरेसें असूनहि त्यांची वाढ खुंटते व कातडी खवल्यासारखी होते. म्हणजे कांहीं मेदाम्लें शरीरास स्वतः करितां येत नाहींत, तीं अन्नांतूनच मिळालीं पाहिजेत. हें तत्त्व पुढें माशांस लावून पाहतां एक चमत्कारिक भेद दिसून आला. गोड्या पाण्यांतील पुष्कळ मासे जवसाच्या जातीचें १८ परमाणूंचें मेदाम्ल मिळालें तर त्याची सांखळी वाढवून ई.पी.ए. व डी.एच.ए. आपल्या शरीरांत तयार करूं शकतात. समुद्रांतील बहुतेक माशांस व कोळंबीस हें काम जवळजवळ साधत नाहीं. त्यांच्या समुद्रांतील खाण्यांत हीं दोन्हीं आयतींच असतात. ज्याच्या दारीं रोज दूध येतें तो गाय बांधण्याच्या खटपटींत पडत नाहीं, तसें त्यांचें झालें आहे. खालच्या पाण्यांत तीं तयार करणारा कोणी तरी असला पाहिजे, आणि तो म्हणजे हें सूक्ष्म शैवाल.

तारली माशाचें तेल कोंकणांतल्या लोकांस ठाऊक आहे. होड्यांच्या लांकडास तें फांसण्याची चाल पश्चिम किनाऱ्यावर जुनी आहे. तें तेल तारलीनें केलेलें नव्हे. तारली हा मासा मुख्यतः डायाटम नांवाच्या शैवालांवर व तत्सम बारीक जीवांवर जगतो, आणि त्यांतील ओमेगा-तीन मेदाम्लें आपल्या अंगांत सांठवितो. सुरमई तारलीस खाते व तेंच धन पुढें नेते.

जपानांतील यीस्टचा धडा

या विषयांत सर्वांत बोधप्रद अशी हकीकत जपानांतील आहे, म्हणून ती आम्ही थोडी सविस्तर देतों. तेथें मादाई नांवाचा तांबडा मासा सणासमारंभांत फार मानाचा. त्याचीं पिलें केंद्रांत वाढवितांना प्रथम रोटिफर नांवाचा बारीक प्राणी अन्न म्हणून द्यावा लागतो. ही रीत ताकाशी इतो यांनीं १९६० सालीं दाखवून दिली. रोटिफर वाढविण्यासाठीं समुद्री क्लोरेला या नांवानें ओळखलें जाणारें हिरवें शैवाल मोठमोठ्या टाक्यांत करावें लागे. टाक्यांना जागा फार लागे, ढगाळ दिवसांत शैवाल मंदावे, आणि खर्च वाढे. तेव्हां कोणीं तरी सोपी युक्ति काढली : पाव फुगविण्याचें यीस्ट स्वस्त व हवें तेव्हां मिळणारें, तेंच रोटिफरांस चारावें. रोटिफर यीस्टवर झपाट्यानें वाढले. हिशेब पाहणारे खूष झाले. पण ते रोटिफर खाऊन मादाईचीं पिलें मोठ्या प्रमाणावर मरूं लागलीं.

रोटिफर तर संख्येनें पुरेसे होते आणि पिलांचीं पोटेंहि भरलेलीं होतीं. प्रथिनांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. टोकियो येथील मत्स्यविद्यापीठांतील ताकेशी वातानाबे व त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या रोटिफरांतील मेदाम्लें तपासलीं, तेव्हां कारण उघड झालें. शैवालावर वाढलेल्या रोटिफरांत ई.पी.ए. भरपूर होतें, यीस्टवर वाढलेल्यांत तें नांवापुरतेंच. यीस्टांत तें मुळींच नसतें, मग रोटिफर तरी तें कोठून आणणार ? पुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा. यीस्टवर वाढलेले तेच रोटिफर पिलांस देण्यापूर्वीं कांहीं तास शैवालाच्या पाण्यांत सोडले, आणि पिलें जगूं लागलीं. कांहीं ठिकाणीं यीस्ट वाढवितांनाच त्यांत माशाचें किंवा माकूलच्या यकृताचें तेल मिसळलें, त्यानेंहि गुण आला. म्हणजे रोटिफर हें केवळ भांडें. त्यांत काय भरलें आहे यावर पिलांचें जगणें अवलंबून. या हकीकतींत एक गंमत अशी कीं, ज्या शैवालास सर्व जण समुद्री क्लोरेला म्हणत तें क्लोरेला नव्हतेंच. तें नॅनोक्लोरोप्सिस नांवाच्या अगदीं वेगळ्या वर्गांतील शैवाल आहे असें १९८६ सालीं ठरलें. खऱ्या क्लोरेलेंत २० परमाणूंचीं हीं मेदाम्लें जवळजवळ नसतात. नांवावर विसंबून कोणी खरी क्लोरेला आणून टाक्या भरल्या असत्या, तर पाणी तितकेंच हिरवें दिसलें असतें आणि पिलें यीस्टच्या वेळेसारखींच मेलीं असतीं.

कोणत्या शैवालांत काय

तेव्हां हिरवें पाणी तितकें चांगलें, ही समजूत टाकून दिली पाहिजे. ऑस्ट्रेलियांत होबार्ट येथील सी.एस.आय.आर.ओ. या संस्थेंत वोल्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मत्स्यसंवर्धनांत वापरल्या जाणाऱ्या दहा शैवालांतील मेदाम्लें एकाच रीतीनें वाढवून व मोजून १९८९ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि ब्राउन आदिकरून मंडळींनीं पुढें तें काम वाढविलें. त्यांवरून शैवालांचीं कुळें स्पष्ट निराळीं दिसतात. डायाटम हें सोनेरी-तपकिरी रंगाचें, वाळूच्या द्रव्याचें म्हणजे सिलिकेचें कवच असलेलें शैवाल. स्केलेटोनेमा, कीटोसेरॉस व थॅलासिओसिरा हीं यांत येतात. यांच्यांत ई.पी.ए. चांगलें, डी.एच.ए. थोडें. कीटोसेरॉसच्याच दोन जातींत एकीमध्यें एकूण मेदाम्लांच्या शेंकडा ११ च्या आसपास, तर दुसरीमध्यें त्याच्या निम्में ई.पी.ए. भरलें, थॅलासिओसिरांत तें शेंकडा २० च्या जवळ गेलें. आयसोक्रिसिसचा जो वाण ताहिती बेटाच्या बाजूनें आला व जगभर पसरला, त्यांत डी.एच.ए. शेंकडा ८ च्या सुमारास आहे, पण ई.पी.ए. जवळजवळ नाहीं. पाव्हलोव्हा या शैवालांत दोन्हीं आहेत, ई.पी.ए. शेंकडा २० च्या आणि डी.एच.ए. ९ च्या आसपास. गुणानें हें सर्वांत वरचें, मात्र वाढविण्यास हट्टी, उन्हाळ्यांत लवकर बसणारें. नॅनोक्लोरोप्सिसमध्यें ई.पी.ए. विपुल, डी.एच.ए. नाहीं. टेट्रासेल्मिस हें हिरवें, शेंपटीनें पोहणारें शैवाल, त्यांत ई.पी.ए. शेंकडा चारपांच, डी.एच.ए. नाहीं. आणि मिठागरांत पाणी तांबडें करणाऱ्या शैवालाच्याच वंशांतील ड्युनालिएला टर्टिओलेक्टा, जें वाढविण्यास सर्वांत सोपें, त्यांत दोहोंपैकीं एकहि नाहीं.

ज्वारीची भाकरी व डाळ एकत्र खाल्ल्यानें एकीची उणीव दुसरी भरून काढते, तसें येथेंहि करावें लागतें. कीटोसेरॉसबरोबर आयसोक्रिसिस दिलें म्हणजे एकाचें ई.पी.ए. व दुसऱ्याचें डी.एच.ए. मिळून अन्न पूर्ण होतें. कोळंबीच्या झोइयेस कीटोसेरॉस एकटें दिलें तरी ती मायसिस होते. तें शैवाल तिला पचतेंहि चांगलें आणि कोळंबीस स्वतः करितां न येणारें स्टेरॉल नांवाचें द्रव्यहि त्यांतून मिळतें. म्हणून बहुतेक केंद्रांत तेंच एक वाढवितात. आमच्या मतें जेथें सोय आहे तेथें जोड शैवाल देणें अधिक शहाणपणाचें. तें बीज उभें राहण्यापुरतेंच नव्हे, तर पुढें ताण सोसण्यास लायक होण्यासाठीं.

डी.एच.ए. शरीरांत कोठें लागतें हें सांगितल्यावांचून वरील म्हणणें पुरें होणार नाहीं. पेशींभोंवतीं जें पातळ आवरण असतें तें मेदाचें असतें, आणि तें लवचिक राहणें जरूर असतें. मज्जातंतु व डोळ्याचा पडदा यांच्या आवरणांत डी.एच.ए. सर्वांत अधिक. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेरिंग माशाच्या पिलांस डी.एच.ए. नसलेलें अन्न देऊन पाहिलें, तेव्हां अंधुक उजेडांत त्यांस भक्ष्य नीट दिसेना. जें पिल्लूं डोळ्यांनीं पाहूनच शिकार करितें, त्यास हें व्यंग किती महाग पडत असेल हें सांगणें नकोच. कोळंबीच्या कल्ल्यांतील आवरणेंहि अशाच मेदाचीं असतात, आणि क्षारता एकदम बदलली असतां शरीरांतील मीठपाण्याचा तोल सांभाळण्याचें काम त्या कल्ल्यांस करावें लागतें. समुद्राच्या पाण्यांत वाढलेलें बीज पावसाळ्याच्या तोंडीं निमखाऱ्या तळ्यांत पडतें तेव्हां याचीच परीक्षा होते.

एकच शैवाल, पण सुगीच्या वेळेवर भिन्न

वरील आंकडे पाहून जात निवडली म्हणजे झालें असें मात्र कोणीं समजूं नये. गवत फुलावर असतां कापलें तर एक, आणि वाळून काडी झाल्यावर कापलें तर दुसरें. हें ज्यास ठाऊक आहे त्यास पुढील मजकूर सहज पटेल. शैवालाच्या टाकींत नत्र, स्फुरद, थोडें लोह व इतर धातु, बी-१ व बी-१२ यांसारखीं जीवनसत्त्वें, आणि डायाटम असल्यास सिलिका घालतात. गिलार्ड यांनीं बसविलेलें एफ-दोन नांवाचें मिश्रण जगभर वापरांत आहे. बीं टाकल्यावर पेशी एकदोन दिवस मंद असतात, मग दुपटीनें वाढत जातात, आणि नत्र संपत आला म्हणजे वाढ थांबते. वाढीच्या भरांतील पेशींत प्रथिनें शेंकडा ३० ते ४० व मेद १० ते २० असतो. नत्र संपल्यावर पेशी दुभंगत नाहीं, पण ऊन तर पडतच असतें. मग ती मिळालेलें ऊन पिष्टाच्या किंवा तेलाच्या थेंबांच्या रूपानें सांठवूं लागते. कित्येक जातींत तेल दुपटीहून वाढतें. अडाण्यास वाटावें, हें तर उत्तमच झालें.

तसें नाहीं, कारण हें सांठ्याचें तेल बहुतेक साध्या व एका दुहेरी दुव्याच्या मेदाम्लांचें असतें. ई.पी.ए. मुख्यतः हिरव्या कणांच्या आवरणांत असतें, आणि उपासमारींत तीं आवरणें उलट कमी होतात. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहूं. समजा १०० ग्रॅम वाळलेल्या शैवालांत १० ग्रॅम मेदाम्लें आहेत व त्यांत ई.पी.ए. शेंकडा २० आहे, म्हणजे ई.पी.ए. २ ग्रॅम. नत्र संपल्यावर मेदाम्लें २० ग्रॅम झालीं, पण ई.पी.ए. शेंकडा ८ वर उतरलें, तर तें १.६ ग्रॅम झालें. तेल दुप्पट, आणि कामाचें द्रव्य मात्र घटलें. शिवाय पिल्लाचें पोट लवकर भरल्यानें तें एकंदरींत कमी पेशी खाईल तें वेगळेंच. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल ती अशी कीं, शेंकडा प्रमाण आणि प्रत्यक्ष वजन हीं दोन भिन्न मापें आहेत. जाहिरातींत बहुधा जें मोठें दिसेल तें छापतात. दोन्हीं विचारून घ्यावीं.

उजेड फार तीव्र झाला तरी बहुधा असाच परिणाम होतो. थंडींत उलट दुहेरी दुवे वाढतात, कारण थंड पाण्यांत आवरण थिजूं न देण्यासाठीं पेशीस पातळ मेद लागतो. म्हणून उत्तम शैवाल तें कीं, जें वाढीच्या भराच्या अखेरीस, वाढ थांबण्यापूर्वीं, काढलें आहे. भराव ओसरलेली जुनी, गडद दिसणारी टाकी फेंकून देणें जिवावर येतें हें आम्ही जाणतों. तथापि तीच टाकी झोइयेस घालणें म्हणजे कापणी चुकलेली कडबी तान्ह्या वासरापुढें टाकणें होय.

हीं मेदाम्लें मोजण्याचें काम केंद्रांत होत नाहीं. क्लोरोफॉर्म व मेथॅनॉल यांच्या मिश्रणांत मेद विरघळवून घ्यावा लागतो, आणि जेम्स व मार्टिन यांनीं १९५२ सालीं प्रचारांत आणिलेल्या वायु-वर्णलेखन पद्धतीनें एकेक मेदाम्ल वेगळें करून मोजावें लागतें. ती सामग्री मोठ्या संशोधन संस्थांतूनच असते. केंद्रानें करावयाचें तें इतकेंच कीं, शुद्ध बीं ठेवणें, रोज सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी मोजणें, आणि वाढीचा आलेख काढून कापणीचा दिवस ठरविणें.

मायसिस अवस्थेपासून जें दुसरें अन्न देतात त्या आर्टेमियाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. याच्या सुक्या अंड्यांचा मोठा पुरवठा अमेरिकेंतील युटा प्रांतांतल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरांतून होतो. पाण्यांत घातलीं कीं दिवसभरांत तीं फुटतात. परंतु या पिलांत डी.एच.ए. जवळजवळ नसतें. तेव्हां फुटल्यावर तोंड उघडेपर्यंत कांहीं तास थांबून, मग त्यांस शैवाल किंवा माशाच्या तेलाचें दुधासारखें मिश्रण चारून, तीं भरलीं म्हणजे कोळंबीस द्यावीं लागतात. भरलेलीं पिलें तशींच ठेवलीं तर आर्टेमिया तें डी.एच.ए. स्वतःच खर्चून टाकते. म्हणून भरल्याबरोबर वापरावीं. अशीं तेलें उघड्यावर ठेवूं नयेत. जवसाच्या तेलाचें कातडें होतें असें वर सांगितलें, तेथें तीन दुहेरी दुवे होते; येथें पांच व सहा आहेत. खंवट झालेलें मिश्रण नुसतें निरुपयोगी नव्हे, अपायकारक असतें.

बीज घेणाऱ्यानें काय पाहावें

आपल्या देशांत पांढऱ्या पायांची व्हॅनामेई कोळंबी २००९ सालापासून रीतसर आली, आणि तिचें बीज बहुतांशीं आंध्र व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील केंद्रांत तयार होतें. कोंकणांतील तळेवाल्यास तें प्राणवायु भरलेल्या पिशव्यांतून दूरवरून आणावें लागतें. झोइयेचें पाणी पाहण्यास तो तेथें कांहीं जात नाहीं. तरी मागणी नोंदवितांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : झोइयेस कोणतें शैवाल देतां, एक कीं दोन; तें कितव्या दिवशीं काढतां; आणि आर्टेमिया भरून देतां कीं नुसती. ज्या केंद्राचा माणूस या प्रश्नांनीं चिडतो त्याचें बीज घेण्याची घाई करूं नये. सरकारी नोंदणी व रोगतपासणीचा दाखला हे तर आधींच पाहावयाचे. उत्तम तेलानें पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणु टळत नाहीं, हें आम्ही मुद्दाम नमूद करितों.

त्यापुढें एक परीक्षा आहे, ती केंद्राच्या दारांतच करितां येते. दहा दिवसांवरील बीजांतून सरसकट शेंदीडशें जीव मोजून घ्यावे, अर्धा तास निखालस गोड्या पाण्यांत ठेवावे, आणि पुन्हां अर्धा तास त्यांच्या मूळच्या खाऱ्या पाण्यांत सोडावे. पाण्याची उष्णता दोन्हीकडे सारखी असावी, आणि गोड्या पाण्यांत क्लोरीनचा अंश नसावा. नाहीं तर दोष पाण्याचा आणि आळ बीजावर, असें होईल. शेवटीं शेंकडा ७५ हून अधिक जीव धड पोहत असले तर बीज चांगलें समजतात. लहान वयाच्या बीजावर ही परीक्षा करूं नये. त्याचे कल्ले तयार झालेले नसतात आणि चांगलें बीजहि तेथें नापास होतें. मेदाम्लांनीं पुष्ट बीज या परीक्षेंत बरेंच अधिक तगतें असें अनेक प्रयोगांत दिसून आलें आहे. ही परीक्षा करण्यास घड्याळ, दोन भांडीं व एक तास लागतो, आणि त्यांत जाणाऱ्या बीजाची किंमत एकंदर मालाच्या मानानें कांहींच नाहीं.

देशावरील वाचकांस हा सर्व मजकूर परका वाटण्याचा संभव आहे. रोहू, कटला हे मासे १८ परमाणूंच्या मेदाम्लांवर भागवून घेतात, त्यांस समुद्री शैवालाची गरज नाहीं. परंतु भुईमुगाच्या पेंडींत ओमेगा-तीन कुळांतील मेदाम्ल अगदींच थोडें असतें. तळ्यांतील नैसर्गिक शैवाल व किडामुंगी तें भरून काढतात. ज्यानें पाणी खताविना ठेवून केवळ पेंड व कोंडा यांवर मासे वाढविण्याचें ठरविलें आहे, त्यानें मुठीभर जवसाची पेंड त्यांत मिसळून पाहण्यास हरकत नाहीं.

खारजमिनींतील तळ्यांतहि बीज सोडल्यानंतर पहिले कांहीं दिवस पाण्यांतील शैवाल व त्यावर जगणारे बारीक जीव हेंच तें खातें. त्या वेळीं पाणी सोनेरी-तपकिरी असेल तर डायाटम वाढलेले आहेत असें समजावें. निळसर हिरवा तवंग धरणाऱ्या पाण्यांतील निळ्या-हिरव्या जातींत ई.पी.ए. व डी.एच.ए. नसतात. डायाटमांस नत्राबरोबर सिलिका लागते. नुसता स्फुरद वाढवीत गेलें तर निळ्या-हिरव्या जातींस फावतें. म्हणून तळें भरतांना शेणखताच्या व सुपरफॉस्फेटच्या पाट्या अंदाजानें न ओततां, नत्राचें प्रमाण स्फुरदाच्या पुष्कळ पटींनीं अधिक राहील असें खत थोडथोडें, दोनतीन दिवसांच्या अंतरानें द्यावें, पाण्याचा रंग रोज सकाळीं एकाच ठिकाणीं उभें राहून पाहावा, आणि रंग तपकिरीकडे वळल्यावरच बीजाची तारीख केंद्रास कळवावी.